गिअर कर्रर्र करतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

गोव्यात जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार पावसाळ्यात बाहेर काढायची म्हणजे खड्ड्यांशी वैर. म्हणून माझी जुनी दोन सीटची गाडी जूनपासून ताडपत्रीखाली. चवथीच्या दोन दिवस आधी सुरू केली, क्लच दाबून पहिला टाकायला गेलो, तर कर्रर्र! ओळखीच्या गॅरेजवाल्याने फोनवरच सांगून टाकलं, "गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल."

गिअरबॉक्स ठणठणीत होता. दमट हवेत फ्लायव्हील (इंजिनसोबत फिरणारी जड चकती) गंजलं आणि क्लच प्लेट त्याला चिकटली, एवढंच. इंजिन गरम करून बंद केलं, चौथा गिअर टाकला, क्लच तळापर्यंत दाबून धरला आणि शेजारच्या दोघांना गाडी पुढेमागे हलवायला लावली. चार-पाच हिसक्यांनंतर ‘टक्’ झालं आणि प्लेट सुटली. (गाडी गिअरमध्ये ठेवून स्टार्टर मारायचा उपाय काहीजण सांगतात. समोर भिंत असेल तर तो विसरा.) आता पावसाळ्यातही दर पंधरवड्याला अंगणात दोन-चार हात पुढेमागे करतो.

तर सगळ्यात महागडी चूक म्हणजे तपासणीआधीच निदान. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत सहज पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर बहुधा पेडल तळाला जाऊनही क्लच पूर्ण सुटत नाही. बंद गाडीतही अडत असतील, तर लिव्हरचे बुश (सांध्यातल्या छोट्या नळ्या) आणि केबल बघा. आणि हसू नका, पण त्याआधी पेडलखाली सरकलेलं मॅट बघा.

क्लच सुटत नाही आणि क्लच घसरतो, हे दोन उलटे आजार आहेत. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, जळका वास येतो, तर प्लेट घसरतेय. तिथे ब्लीडिंग (क्लचच्या लाइनमधली हवा काढणं) करून पैसे घालवू नका.

हायड्रॉलिक क्लच (केबलऐवजी फ्लुइडच्या दाबावर चालणारा) असेल, तर पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर नीट पडतो का ते बघा. पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचं सील गेलंय. इथे बरेचजण नुसतं फ्लुइड ओतत राहतात. पातळी पुन्हा उतरत असेल, तर पेडलमागच्या कार्पेटवर ओल शोधा आणि गाडीखाली स्लेव्ह सिलिंडरचं (गिअरबॉक्सजवळचा, क्लच ढकलणारा सिलिंडर) रबर उलगडून बघा. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, त्यामुळे ही गळती क्लचपुरतीच राहील असं नाही. या टाकीत सहसा असणारं डॉट ४ दर्जाचं फ्लुइड हवेतली ओल शोषतं. ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओल शोषलेल्याचा किमान १५५. आपल्याकडच्या हवेत दर दोन वर्षांनी ते बदलाच. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका.

गिअर ऑइलच्या बाबतीत ‘जाड ते चांगलं’ हा समज सोडा. मॅन्युअलमध्ये जीएल-४ हा ऑइलचा दर्जा लिहिलं असताना जीएल-५ भरलं, तर त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं पितळी सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) खाऊ शकतात. सकाळी थंड गाडीत दुसरा गिअर जरा जड पडतो, त्याला मात्र आजार समजू नका. पहिले काही किलोमीटर हलक्या हाताने टाका.

सवयींचं काय सांगायचं! चोडणच्या फेरीबोटीच्या रांगेत उतारावर हाफ-क्लचवर गाडी धरून ठेवणारे रोज दिसतात. त्यासाठी हँडब्रेक आहे. चोर्ला घाटातून उतरताना लिव्हरवर हात टाकून बसायची सवयही वाईट. तो भार आतल्या शिफ्ट फोर्कवर (गिअर सरकवणाऱ्या काट्यावर) जातो.

आवाजही ऐका. क्लच दाबल्यावर घरघर येते, तर संशय रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). न्यूट्रलमध्ये येते आणि दाबल्यावर थांबते, तर इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) बेअरिंगवर.

एवढं करून गिअरबॉक्स उतरलाच, तर क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, कारण मजुरीच जास्त असते. जुनी प्लेट मागून घ्या. रिव्हेटपर्यंत झिजली असेल तर तिचं आयुष्य संपलं होतं. तेलकट असेल, तर आधी इंजिनचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील बदलून घ्या, नाहीतर नवी प्लेटही तशीच तेलात भिजेल.