केशवरावच्या विंगेतून मालिकेच्या सेटवर: दिग्दर्शकानं टाळायच्या चुका

कोल्हापुरात 'तालीम' म्हटलं की निम्म्यांना तांबडी माती आठवते आणि उरलेल्यांना नाटक. केशवराव भोसले नाट्यगृह आणि खासबागचं कुस्ती मैदान एकमेकांना खेटून आहेत, त्याचाच हा परिणाम असावा. इथला पोरगा कॉलेजच्या एकांकिकेतून राज्य नाट्य स्पर्धेत येतो, दिग्दर्शनाची एक-दोन बक्षिसं घेतो आणि मग मोरेवाडीच्या चित्रनगरीत नाहीतर मुंबईत मालिकेच्या सेटवर जाऊन उभा राहतो. पहिल्याच आठवड्यात त्याची दांडी उडते. माझीही उडाली होती.

दिग्दर्शक म्हणून माझा पहिला सीन साधा होता. बाप सोप्यात बसलाय आणि मुलगी त्याला नोकरी सोडल्याचं सांगते. मी स्पर्धेच्या सवयीनं मुलीला उंबऱ्यापासून चालवलं, खांबापाशी थांबवलं, तिथून वळवलं आणि शेवटच्या वाक्याला बापाच्या पाठीमागं आणलं. केशवरावच्या रंगमंचावर या मूव्हमेंटला दाद मिळाली असती. कॅमेरामन शांतपणे म्हणाला, "सर, ताई तिथवर पोचेपर्यंत वाक्य संपतंय. क्लोज कुठं घेऊ?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. नाटकात प्रेक्षक खुर्चीला खिळलेला असतो, म्हणून नटाला हलवावं लागतं. सेटवर नट बसून राहिला तरी चालतं, हलायला कॅमेरा आहे. तेव्हापासून मी सीन हातात आला की आधी एकच गोष्ट ठरवतो: कुठल्या वाक्याला कुणाचा चेहरा जवळून दिसला पाहिजे. त्या वाक्याला ते पात्र स्थिर हवं. बाकीच्या हालचाली त्याच्या अलीकडं-पलीकडं बसवायच्या.

दुसरी चूक सेटवर कळतच नाही, एडिटला कळते. मिसळीच्या टेबलावर समोरासमोर बसलेले दोघं डोळ्यांपुढं आणा. एकापासून दुसऱ्यापर्यंत एक रेघ ओढली आहे असं समजा. कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला राहिला, तर एकजण उजवीकडं बघतो, दुसरा डावीकडं आणि दोघं बोलताहेत असं वाटतं. मधेच रेघ ओलांडून दुसऱ्याचा क्लोज घेतला, की दोघंही एकाच दिशेला बघायला लागतात, जणू दोघं मिळून तिसऱ्याच माणसाशी भांडताहेत. शूट होऊन गेलं असेल तर एडिटरकडं विचारा: मधे लावायला वाटीचा, हाताचा, तर्रीत पाव बुडवतानाचा असा काही शॉट आहे का? तो टाकला की उडी झाकली जाते. शूट व्हायचं असेल तर रेघ ओलांडायचा सरळ रस्ता म्हणजे शॉट चालू असतानाच नटाला उठवून पलीकडं न्यायचं. प्रेक्षकानं ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळं तो गोंधळत नाही. आणि सीनच्या आधी 'लाइन कुठनं धरायची' हे कॅमेरामनला विचारायला लाजू नका. न विचारता चुकलात तर त्याची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत जाते.

उलट्या दिशेनंही हेच होतं. वर्षभर मालिका करून स्पर्धेच्या नाटकाला परत आलेल्या दिग्दर्शकाची पात्रं पुटपुटतात. मागच्या रांगेतून "काय म्हणाला रं?" ऐकू आलं की आपण नटांना ओरडायला सांगतो. रोग वेगळाच असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटीच येतो. 'मी तुला तसं म्हणालो नाही' यातला 'नाही' गिळला की अर्थ उलटाच होतो. छातीवर लावलेला माइक गिळलेला शब्दही उचलतो, बाल्कनी उचलत नाही. उपाय: एक रनथ्रू, म्हणजे न थांबता केलेली अख्खी तालीम, शेवटच्या रांगेत डोळे मिटून ऐका आणि फक्त वाक्यांची शेपटं पडतात तिथं खूण करा. नटाला 'आवाज वाढव' म्हणू नका, 'शेवटचा शब्द मला दे' म्हणा. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवरावला आग लागली, त्यानंतर आपले प्रयोग छोट्या सभागृहांत गेले आणि नव्या पोरांना मोठ्या नाट्यगृहाचा अंदाजच येईना झालाय. त्यांच्याकडून हे जास्तच करून घ्यावं लागतं.

आता बोलीचं. 'नाद खुळा' आणि 'रांडच्या' पेरले की कोल्हापुरी झाली, असं मुंबईत बसून लिहिणाऱ्याला वाटतं. ते एक वेळ समजू शकतं. पण कोल्हापूरचा दिग्दर्शक तिथं गप्प बसला तर चूक त्याची. आपल्याकडची बाई 'मी आलो', 'मी जातो' म्हणते. आपण 'काय करालायस' म्हणतो, साताऱ्याचा 'करतुयास' आपला नव्हे. शिव्या कमी करून क्रियापदं नीट केली तरी पात्र गावातलं वाटतं. चॅनेलला सगळ्या महाराष्ट्राला कळेल अशी भाषा हवी असते, तेही खरं. मग निदान आजीचं आणि शेतगड्याचं पात्र तरी सोडू नका.

कागदांचं थोडक्यात. स्पर्धेसाठी लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र तालमी सुरू होतानाच मागा, प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात नको. मालिकेत दिवसाचा दर, महिन्याचे किमान दिवस आणि पैसे कधी, हे तिन्ही कागदावर घ्या. पैसे ९० दिवसांनी येणं या धंद्यात सर्रास आहे. मुंबईत खोली घ्यायच्या आधी तीन महिन्यांचं भाडं आणि डबा बाजूला काढून ठेवा.

शिक्षणात लोक एक घोळ हमखास घालतात: नाटक, टीव्ही आणि सिनेमाचं दिग्दर्शन एकच समजतात. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय तीन वर्षांचं आणि नाटकाचं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा टीव्ही दिग्दर्शनाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, आणि तो सिनेमा दिग्दर्शनापासून वेगळा. इथंच राहायचं तर शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे.

आणि 'मी दिग्दर्शक म्हणूनच येणार, कंटिन्युइटी करणार नाही' हा हट्ट. (कंटिन्युइटी म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटमध्ये तसंच आहे ना, हे बघायचं काम.) मीही धरला होता, चार महिने घरी बसलो. शेवटी असिस्टंट म्हणून गेलो. पहिला महिनाभर माझ्या वहीत दोनच गोष्टी असायच्या: पदर कुठल्या खांद्यावर आणि कपात चहा किती उरलाय.