आश्रयार्थींची छायाचित्रे आणि कहाण्या: या चुका टाळा

ब्रिटनमध्ये आश्रयासाठी अर्ज करून निकालाची वाट पाहणाऱ्यांच्या हाती कॅमेरा देऊन त्यांना आपली कहाणी मांडायला लावणाऱ्या कार्यशाळा होत असतात. तिथे राहणारे कोणी मराठी वाचक अशा कामात स्वयंसेवक म्हणून उतरणार असतील, तर त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की यातल्या बहुतेक चुका वाईट हेतूने नव्हे, तर प्रदर्शनाची तारीख तोंडावर आल्यामुळे होतात.

संमतीपत्रावर सही झाली की परवानगीचा प्रश्न मिटला, असे समजणे ही जुनीच चूक आहे. 1984 मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत स्टीव्ह मॅककरी यांनी टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी जून 1985 मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर झळकली आणि जगभर पोहोचली. तिचे नाव शर्बत गुला असल्याचे मात्र 2002 मध्ये कळले, आणि परक्या माणसाने फोटो काढल्याचा तेव्हा राग आला होता, हेही तिच्याकडून त्याच वेळी समजले. म्हणून संमती फोटो काढताना, निवडताना आणि छापण्यापूर्वी अशी पुन्हा पुन्हा विचारावी; आणि नकार दिल्यास आश्रयाच्या अर्जावर कोणताही परिणाम होणार नाही, हे समोरच्याच्या भाषेत सांगावे, कारण ती भीती सहसा बोलून दाखवली जात नाही.

चेहरा धूसर केला म्हणजे ओळख लपली, असेही नाही. वसतिगृहाच्या खिडकीत काढलेला एक साधा फोटो घ्या: काठावर चहाचा कप, बाहेर ओला रस्ता. नीट पाहिले तर बसथांब्याचे नाव वाचता येते, कपाखालच्या सरकारी पत्रावर अर्जाचा क्रमांक दिसतो आणि काचेत फोटो काढणारीचाच चेहरा उमटलेला असतो. शिवाय फाइलमध्ये जागेची नोंद असू शकते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवल्यास ती निघून जाते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास तशीच राहते. तेव्हा कॅमेऱ्याचे लोकेशन आधीच बंद करून ठेवावे. फक्त हातांचा फोटोही निर्धोक नसतो, कारण मायदेशी पाळत ठेवणारे लोक अंगठीवरून किंवा गोंदणावरूनही माणूस ओळखतात.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र मजकुरात होते. आश्रयाच्या मुलाखतीत अर्जदाराच्या जबानीतली सुसंगती तपासली जाते, आणि आघातातून गेलेल्या माणसाला तारखा व घटनांचा क्रम नेहमीच नीट आठवतो असे नाही. अशा वेळी संपादकाने ओघासाठी दोन अटका एकात मिसळल्या किंवा ‘हिवाळ्यात’ या शब्दाच्या जागी अंदाजाने एखादा महिना घातला, तर फलकावरचे वाक्य जबानीशी विसंगत ठरून अर्जदाराच्या विश्वासार्हतेवरच उलटू शकते. त्यामुळे तारखा, मार्ग आणि मदत करणाऱ्यांची नावे वगळावीत, अंतिम मजकूर दुभाष्याकरवी सांगणाऱ्याला वाचून दाखवावा आणि शक्य असल्यास त्याच्या वकिलाच्या नजरेखालून घालावा. दुभाष्या त्याच समाजातला असेल, तर तो चालेल का, हे आधी एकांतात विचारावे.

फक्त पलायनाचीच कहाणी मागणे हाही एक दोष आहे. 1990 च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतातील ग्रामीण स्त्रियांसोबत विकसित केलेल्या ‘फोटोव्हॉइस’ पद्धतीत काय टिपायचे, हे कॅमेरा धरणारी व्यक्तीच ठरवते. तिला रांगेपेक्षा भाकरीचा फोटो महत्त्वाचा वाटला, तर तो राहू द्यावा. मानधनाचे मात्र आधी विचारून घ्यावे. निकाल प्रलंबित असताना ब्रिटनमध्ये सहसा काम करण्याची परवानगी नसते.

चूक होऊन गेलीच असेल, तर गुपचूप फोटो काढून टाकू नये. संबंधित व्यक्तीला आणि तिच्या वकिलाला लगेच कळवावे, प्रती कुठे कुठे गेल्या याची यादी करावी आणि प्रत्येक ठिकाणी तो हटवण्याची लेखी विनंती करावी. छापील फलक बदलण्याचा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरलेला असावा, नाहीतर पैसे नाहीत म्हणून तो भिंतीवर तसाच राहतो.