सर्व्हिसिंग वेळेवर, तरी गाडी खिळखिळी: लीजच्या आणि हप्त्यावरच्या गाडीत या चुका टाळा

लीजची, म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी दरमहा भाडं भरून घेतलेली गाडी सर्व्हिसिंगला सहसा वेळेवर जाते. करारात तसं लिहिलेलं असतं, वॉरंटी त्यावर टिकून असते, आणि परत देताना नोंदींत खाडा दिसला तर भुर्दंड चालवणाऱ्यालाच पडतो. त्यामुळे ‘परक्याच्या गाडीला कोण विचारतो’ हे म्हणणं सरसकट लागू पडत नाही. उलट रोख पैसे मोजून घेतलेल्या, एकाच घरात वर्षानुवर्षं राहिलेल्या कितीतरी गाड्या अशा असतात, की वॉरंटी संपली आणि ऑइल बदलायचं काम ‘पुढच्या महिन्यात बघू’वर गेलं.

मग लीजवरून सुटलेली गाडी चौथ्या-पाचव्या वर्षी कुरकुर का करते? माझं मत असं, की करारात जे तपासलं जातं तेवढंच नीट राहतं. सर्व्हिसिंगच्या पुस्तिकेतला शिक्का, रंगावरचे ओरखडे, किलोमीटरचा आकडा हे सगळं बघितलं जातं. पण थंड इंजिनावर पाय किती जोरात पडला, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइलची पट्टी कुणी काढून बघितली का, चाक फुटपाथच्या कडेवर कितीदा चढलं, हे कुठल्याच कागदावर येत नाही. तिथे मग हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. खालच्या बहुतेक चुका याच न बघितल्या जाणाऱ्या जागांवरच्या आहेत. काही गाडी चालवणाऱ्याच्या, काही तीच गाडी पुढे विकत घेणाऱ्याच्या.

लीज आणि कर्ज एकाच मापाने मोजणे

कर्जाच्या गाडीवर बँकेचा बोजा असला तरी घसारा सगळा तुमचा. गाडीची किंमत पडली, इंजिन बसलं, तरी हप्ता तोच. म्हणजे हेळसांडीचं बिल शेवटी स्वतःच्याच नावाने फाटणार. लीजमध्ये मुदतीनंतर गाडीची किंमत किती उरेल ही जोखीम बहुधा कंपनीची असते. तिसराही एक प्रकार आहे: महिन्याचा हप्ता कमी, आणि शेवटी एक मोठी रक्कम. ती भरा आणि गाडी ठेवा, नाहीतर गाडी परत करा. या प्रकारात माणसाचं मन मध्येच बदलतं. ‘ठेवायची’ म्हणून पहिली दोन वर्षं जपलेली गाडी ‘परत देऊ’ असं ठरल्याच्या दिवसापासून वेगळ्याच पद्धतीने चालायला लागते.

हा नुसता संशय नाही. न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांवर हेन्री श्नायडर या अर्थशास्त्रज्ञाने केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. लीजवर टॅक्सी चालवणाऱ्यांच्या अपघातांचा आणि नियमभंगांचा बराच भाग गाडी स्वतःची नसण्याशी जोडता येतो, असं त्यात दिसलं. टॅक्सी दिवसभर राबते, घरची गाडी तशी राबत नाही, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा घरच्या गाडीला चिकटवू नये. पण दिशा कळते.

कर्जाच्या गाडीचा आजार वेगळाच असतो. तिथे आस्था असते, पैसा नसतो. हप्ता झेपेल एवढीच गाडी बघितली आणि टायर, ब्रेक, विमा यांचा हिशोब धरलाच नाही, की पहिली कात्री देखभालीला लागते. गाडी घेताना हप्त्याच्या जोडीने देखभालीचीही रक्कम दरमहा बाजूला पडेल का, हे आधी बघा. पडत नसेल तर ती गाडी तुमच्या ऐपतीच्या बाहेरची आहे, बँक काहीही म्हणो.

‘शिक्का मारलाय ना’ एवढ्यावर समाधान मानणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

गाडीच्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगची दोन वेळापत्रकं बऱ्याचदा असतात. एक नेहमीच्या वापराचं, दुसरं खडतर वापराचं. खडतर म्हणजे डोंगरदऱ्या नव्हेत. छोटे-छोटे फेरे, धूळ, सिग्नलला तासन् तास चालू राहणारं इंजिन, मागे ओढलेलं वजन हे सगळं त्यात येतं. म्हणजे शहरातल्या कितीतरी गाड्यांचा वापर कागदावर ‘नेहमीचा’ आणि प्रत्यक्षात ‘खडतर’ असतो. काही उत्पादक ऑइल बदलण्यासाठी २ वर्षं किंवा ३०,००० किलोमीटरपर्यंत सवलत देतात. पण ती लांब पल्ल्याच्या, सलग चालणाऱ्या गाडीसाठी असते. लीज कंपनी पैसे भरते ते पहिल्या वेळापत्रकाप्रमाणे. शिक्का बरोबर, नोंद बरोबर, आणि ऑइल मात्र केव्हाच दमलेलं.

छोट्या फेऱ्यांत होतं असं: ऑइल पुरतं तापायच्या आत इंजिन बंद होतं. ज्वलनातून आलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये तसंच राहतं. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांत हे जास्त होतं. डिझेलच्या गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला अधूनमधून तापवून काजळी जाळतो, आणि त्यासाठी बऱ्याच गाड्यांत जादा डिझेल फवारलं जातं. ते काम अर्ध्यात तुटलं की त्यातलं थोडं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. मग पट्टीवर ऑइलची पातळी चक्क वर चढते. लोक खूश होतात, ‘बघा, ऑइल अजिबात खात नाही!’ वरच्या खुणेच्या पलीकडे गेलेलं ऑइल हे कमी ऑइलइतकंच वाईट लक्षण आहे. पट्टीला डिझेलचा वास येत असेल तर पुढच्या शिक्क्याची वाट न बघता ऑइल बदला. आणि अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग अर्धा तास तरी गाडी पळवा.

पट्टी महिन्यातून एकदा काढून बघायला दोन मिनिटं लागतात. गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन बंद करून काही मिनिटं झालेली हवीत. डिझेलच्या गाडीतलं ऑइल बदलल्या-बदलल्या काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरट थर दिसला, तर थंड हवेत छोटे फेरे मारणाऱ्या गाडीत तो बहुधा साचलेल्या बाष्पाचा असतो. पण त्याच वेळी कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं सील, तपासून घ्यायलाच हवं.

ब्रेक ऑइलचंही असंच. ते हवेतलं बाष्प शोषतं. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर त्याच प्रतीसाठी १५५ अंशांचा किमान निकष आहे. लांब उतारावर ब्रेक तापले की पाणी मुरलेलं ऑइल लवकर उकळतं, आणि हा फरक पायाला कळतो. बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. तीन वर्षांच्या लीजमध्ये ते एकदा बदललेलं असायला हवं. बिलात शोधा, बऱ्याचदा सापडत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलला काही गाड्यांच्या पुस्तिकेत ‘आयुष्यभराचं’ म्हटलेलं असतं. आयुष्य कुणाचं, हे मात्र सांगितलेलं नसतं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायचा सल्ला देते. लीज त्याआधीच संपते, म्हणून पहिला चालक यात पडत नाही आणि कंपनीही पडत नाही. हा खर्च दुसऱ्या मालकाच्या माथी ठरलेला आहे, त्याने तो धरूनच भाव करावा.

थंड इंजिन हाणणे, तापलेलं तडक बंद करणे

कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तयार, असा समज आहे. ऑइल त्याहून सावकाश तापतं. काटा मध्यावर आल्यावरही आणखी काही मिनिटं पाय हलका ठेवा. उभ्या जागी रेझ करून इंजिन तापवण्यात काही अर्थ नाही, सावकाश चालवत तापू द्या. टर्बोची (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची) गाडी भरधाव चालवून लगेच बंद केली तर टर्बोतलं ऑइल जागच्या जागी करपतं. शेवटचा पल्ला संथ चालवलात की पुरे.

टायरकडे शेवटच्या महिन्यात बघणे

परत देण्याच्या तोंडावर गाडीला अचानक चार नवे, कुणी न ऐकलेल्या नावाचे टायर लागतात. कायद्याची खोली भरली, विषय संपला. बऱ्याच देशांत ही किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, आणि टायर झिजून खाचेतल्या उंचवट्याच्या पातळीला आला की ती मर्यादा आली असं समजायचं. ओल्या रस्त्यावरची पकड मात्र त्याच्या बरीच आधी कमी होते, त्यामुळे तिथपर्यंत रेटणं हे बचतीच्या नावाखाली स्वतःचाच जीव टांगणीला लावणं आहे.

टायर खूप काही बोलतो. दोन्ही कडा झिजल्यात आणि मध्य शाबूत, म्हणजे हवा कमी ठेवलेली. मध्य झिजलाय, म्हणजे हवा जास्त. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलेलं, आणि ते बहुधा खड्ड्याने किंवा फुटपाथच्या कडेने बिघडवलेलं. स्टिअरिंग सरळ धरल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर रिमची आतली बाजूही बघा. बाहेरचे ओरखडे घासून रंगवता येतात, आतला पोचा आणि टायरच्या कुशीवरचा फुगवटा तसाच राहतो. फुगवटा असलेला टायर त्याच दिवशी बदला, त्यात तडजोड नको.

हवा टायर थंड असताना तपासा. लीजच्या गाडीत हे काम कुणाचंच नसतं, हीच अडचण.

डॅशबोर्डवरचा दिवा ‘पुसून’ घेणे

इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर लावून कोड पुसला, दिवा गेला. दोष तसाच. परत देण्याआधी किंवा विकण्याआधी हा उद्योग सर्रास चालतो आणि तो पकडणं तुलनेने सोपं आहे. कोड पुसले की गाडीच्या संगणकातल्या धुराशी संबंधित स्वयंचाचण्या शून्यावर येतात. त्या पुन्हा पूर्ण व्हायला वेगवेगळ्या प्रकारे बरीच गाडी चालवावी लागते. गाडीच्या संगणकाला जोडायच्या साध्या ओबीडी स्कॅनरवर त्या ‘अपूर्ण’ दिसल्या, तर नुकतंच काहीतरी पुसलंय. बऱ्याच गाड्या कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हेही सांगतात. अर्थात, नुकतीच बॅटरी बदलली असेल तरीही असं दिसू शकतं. म्हणून आरोप करण्याआधी बॅटरीचं बिल मागा.

इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी रोज काठोकाठ भरणे

इथे तर लीजवर चालवणाऱ्याला काहीच सोसावं लागत नाही. लिथियम बॅटरी जास्त भरलेल्या अवस्थेत, त्यातही उन्हात, तासन् तास उभी राहिली की लवकर म्हातारी होते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीला रोजच्यासाठी साधारण ८० टक्के पुरे, प्रवासाच्या आदल्या रात्री १०० करावी. लोहफॉस्फेट प्रकारात मात्र काही उत्पादक आठवड्यातून एकदा पूर्ण भरायलाच सांगतात, म्हणून आपली बॅटरी कोणती ते आधी पुस्तिकेत बघा. लीजवरून सुटलेली इलेक्ट्रिक गाडी विकत घेणाऱ्याने बॅटरीच्या शिल्लक क्षमतेचा लेखी अहवाल मागावा, किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. आणि ब्रेकच्या डिस्क बघाव्यात. मोटरच गाडी थोपवते म्हणून ब्रेक कमी वापरले जातात, झीज थोडी होते आणि गंज जास्त धरतो.

परत देताना घाईची रंगरंगोटी

करारात ‘वापराने होणारी साहजिक झीज’ मान्य असते, तिची व्याख्या मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी वाचा. कित्येक ओरखडे त्यात बसतात आणि लोक उगाच स्वस्तात रंग मारून त्यांचं रूपांतर दंडनीय कामात करतात. मोठा पोचा असेल तर बिल घेऊन नीट काम करून घ्या. गाडी धुऊन, दिवसाच्या उजेडात, चारही बाजूंचे, चाकांचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढून ठेवा. दुसरी किल्ली आणि चार्जिंगची केबल शोधायला त्याच दिवशी बसू नका.

घेणाऱ्याने फक्त मालकांची संख्या मोजणे

‘एकच मालक’ ही जाहिरात लीजच्या गाडीलाही शोभते, मालक एकच होता, कंपनी! चालवणारे किती होते ते विचारा. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन दाखवलं, की विकणाऱ्याला माहीत असलेलं घेणाऱ्याला माहीत नसेल तर चांगल्या गाडीलाही वाईट गाडीचा भाव मिळतो. याचा फायदा घ्या. नोंदी नसलेल्या गाडीचा भाव पाडा, आणि पुरावे असलेल्या लीजच्या गाडीला चार पैसे जास्त द्या.

पुरावे म्हणजे शिक्के नव्हेत, सुट्या भागांसकट बिलं. त्यात ऑइलची प्रत पुस्तिकेतल्याशी जुळते का, दोन बदलांमध्ये किलोमीटर किती झाले, हे बघा. मग टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. ‘३२२३’ म्हणजे २०२३ सालचा ३२वा आठवडा. कमी चाललेली म्हणून दाखवलेल्या गाडीचे टायर तिच्या वयापेक्षा फारच नवे असतील तर आकड्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पेडलचं रबर आणि स्टिअरिंगचं कातडं यांच्याशीही तो आकडा ताडून बघा.

आणि विकणाऱ्याला आधीच सांगा, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चाचणी पुढे ढकला. ऑइलची आबाळ झालेल्या इंजिनाची टायमिंग चेन (आतल्या भागांची हालचाल जुळवून ठेवणारी साखळी) बऱ्याचदा थंड इंजिन सुरू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांत खडखडते, आणि इंजिन तापवून ठेवलं असेल तर तेवढंच नेमकं ऐकायचं राहून जातं.