साडेसहा तोळ्यांची गुंजी: सापाच्या पिल्लाचं वजन आणि खाणं

परभणीत माझी सराफीची छोटी पेढी आहे. उभा जन्म काट्यासमोर गेला, त्यामुळे मुलानं पुण्याहून बॉल पायथन या अजगराचं पिल्लू आणलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "वजन किती?" त्याला माहीत नव्हतं. काट्यावर ठेवलं तर ६४ ग्रॅम. साडेसहा तोळ्यांना थोडं कमी. गुंज म्हणजे आम्हा सराफांचं जुनं, इवलंसं वजन, म्हणून नाव पडलं गुंजी. महिनाभरात पोरगा नोकरीला बंगळुरूला गेला आणि गुंजी माझ्या गळ्यात पडली, अक्षरशः.

खाण्यापिण्याआधी एक सांगतो. धामण, कवड्या, आपला अजगर, असला कुठलाही देशी साप पकडून घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. शेतात पिल्लू सापडलं तर सर्पमित्राला फोन करा, डबा आणू नका. बॉल पायथन आफ्रिकेतला, बिनविषारी. पण तोही आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत असल्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते. विकणाऱ्याकडून कागद घेतल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. बिनपावतीचं सोनं मी घेत नाही, तसंच हे.

आता वजन. जिवंत साप काट्यावर ठेवून बघा, आकडा नाचत राहतो. ८४, ७९, ९१. त्यासाठी झाकणाचा, भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घ्यायचा. रिकामा डबा काट्यावर ठेवून टेअर दाबायचं, शून्य आलं की पिल्लू आत सोडायचं आणि गप बसायचं. दोन-तीन मिनिटं ते डब्याच्या कडेनं फिरतं, मग डोकं आत घालून लोकरीच्या गुंडाळीसारखं बसतं. बॉल हे नाव त्यावरूनच आलं. तेव्हा जो आकडा थांबेल तो लिहायचा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. माझा पेढीवरचा काटा दोन दशांश दाखवतो, पण सापाला दशांश कशाला? आणि हो, सापाचा काटा वेगळाच. सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून हात साबणानं धुवा आणि पीठ मोजायचा काटा त्याला देऊ नका. पहिल्या दिवशी मी तेच केलं होतं, त्याबद्दल घरात अजून ऐकून घेतो.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, खाऊ घालण्याआधी. आमचा रविवार. वहीत चार रकाने: तारीख, वजन, काय खाल्लं, शी केली का. हा चौथा रकाना लोक सोडून देतात आणि मग घाबरतात. सोनं गाळलं की घट येते, ती कशाची ते कळलं तर सराफ घाबरत नाही. तसं एका रविवारी गुंजी ७ ग्रॅमनी उतरली. वही बघितली तर शनिवारी तिनं शी केली होती, सोबत खडूसारखे पांढरे गोळेही पडले होते, म्हणजे सापाची लघवी. ती घट नव्हे, पोट रिकामं झालं. घाबरायचं कधी? आजवरच्या सर्वांत जास्त वजनाच्या दहा टक्के उतरलं तर. ९० ग्रॅमचं पिल्लू ८१ वर आलं, तर आता पुढचं बघा.

नवीन पिल्लू आणलं की पाच-सात दिवस हात लावायचा नाही, खायलाही द्यायचं नाही. गुंजी या काळात ६४ वरून ६१ वर आली आणि मी रात्री दोनदा उठून बघायचो. आठव्या दिवशी ७ ग्रॅमचं उंदराचं पिल्लू दिलं, तिनं झडप घातली, अर्ध्या मिनिटात विळखा.

प्रमाण असं. दोनशे ग्रॅमपर्यंत सहा-सात दिवसांतून एकदा, वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. ८४ ग्रॅमच्या पिल्लाला ८ ते १२ ग्रॅमचा उंदीर. पुढं वाढेल तसं अंतर वाढवायचं आणि टक्का उतरवायचा. पाचशे ग्रॅमच्या पुढं दोन आठवड्यांतून एकदा, पाच-सात टक्के, असं मी करतो. काटा नसेल तर पिल्लाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग बघायचा, उंदीर तेवढाच जाड हवा.

उंदीर पाळीव पैदाशीचा, गोठवलेला, विश्वासाच्या माणसाकडून मागवलेला. आडतीच्या गोदामातला नको. तिथं उंदराचं औषध टाकलेलं असतं, तो उंदीर सापाच्या पोटात गेला तर औषधही जातं. जिवंत उंदीरही नको, पिल्लाला चावतो. गोठवलेला उंदीर रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा, सकाळी पिशवीत बांधून कोमट पाण्यात सोडायचा, तळहाताला स्पष्ट ऊब लागेपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये बाहेरून शिजतो, आत बर्फ राहतो. मग लांब चिमट्यानं धरून डोक्याच्या बाजूनं पुढं करायचा. चिमटा माझ्याकडं होताच. फ्रिज मात्र वेगळा, जुना, लहानसा घ्यावा लागला. "ती उंदरं माझ्या फ्रिजात नकोत" हा घरचा निकाल लागलेला होता. नागपंचमीला शेजारच्या मावशी वाटीभर दूध घेऊन आल्या. साप दूध पीत नाही, मी वाटी घेतली आणि चहा केला.

खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. आणि इथं माझी चूक सांगतो, कारण यातून मी सगळ्यात जास्त शिकलो. जानेवारीत गुंजी ९८ ग्रॅमची होती. लेकरू वाढीला लागलंय म्हणून मी २२ ग्रॅमचा उंदीर दिला. त्याच रात्री लाईट गेली ती पहाटेपर्यंत. परभणीची थंडी तुम्हाला माहीत आहे, पहाटे पारा दहाच्या खाली जातो. उष्णता मिळाली नाही तर सापाचं पोट अन्न पचवत नाही, ते आत सडायला लागतं. तिसऱ्या दिवशी तिनं सगळं ओकून टाकलं. वास सांगण्यासारखा नव्हता. वजन ९१.

साप ओकला की लगेच पुन्हा खायला घालायचं नाही. सोबत जठरातला आम्लरस गेलेला असतो, गळा भाजलेला असतो. ताजं पाणी ठेवायचं, दहा-चौदा दिवस थांबायचं, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर. मी बारा दिवस थांबून ५ ग्रॅमचा दिला, तो पचला. पुन्हा ओकलं असतं तर डॉक्टरच. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पण साप बघणारे डॉक्टर कोण, हे गरज पडायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा.

साप ठेवायच्या पेटीचा एक कोपरा ३१-३२ अंशांवर, दुसरा २५-२७ वर. हीटिंग मॅटला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोट भाजतं. लाईट जाते तेव्हासाठी गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवतो. उन्हाळ्यात मामला उलटा. मे महिन्यात बाहेर ४३-४४, तेव्हा मॅट बंद, पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत, फरशीवर. आपली हवाही कोरडी ठक्क. या सापाला साठ टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो, तो मिळाला नाही तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि खाणं सुटतं. नर्सरीतलं कोकोपीट ओलसर करून पेटीत पसरा, पाण्याचं भांडं मोठं ठेवा. खात नाही म्हणून कोणी फोन केला तर मी आधी थर्मामीटर काय दाखवतो ते विचारतो. डोळे निळसर दुधाळ झाले असतील तर कात येतेय, तेव्हा न खाणं ठीकच. रोज रोज उंदीर पुढं करून छळू नका, पुढच्या आठवड्यात द्या. पण शंभर ग्रॅमच्या आतलं पिल्लू तीन-चार आठवडे उपाशी आणि वजन उतरतंय, तर डॉक्टर गाठा.

काट्यासोबत डोळाही वापरा. पाठीचा कणा घराच्या आढ्यासारखा वर आलेला दिसला तर हाडकुळं. अंग गोलसर त्रिकोणी, कणा हाताला लागतो पण टोचत नाही, हे बरोबर. वळताना वळ्या पडतात, खवल्यांमधली कातडी दिसते, तर चरबी चढली. तेव्हा उपाशी ठेवायचं नाही, दोन जेवणांतलं अंतर वाढवायचं.

गुंजी ५१२ ग्रॅमपर्यंत पोचली. डब्यासकट पेढीवरच्या काट्यात मावत नाही, पाच किलोचा वेगळा आणलाय. या हिवाळ्यात तिनं दोन वेळा तोंड फिरवलं. ५१२, ५०५, ४९९. दहा टक्क्यांची रेघ ४६१ वर आहे, ती वहीत लाल शाईनं मारून ठेवलीय. उंदीर एकदा वितळला की पुन्हा गोठवायचा नसतो, म्हणून कालचा मी परसात पुरला.