खडू पोट्ट्यांच्या हाती द्या, पण एकदम नाही
फळाभर गणितं सरच सोडवतात अन् पोट्टे उतरवून घेतात, म्हणजे शिकलं कोण तर सर, मी पण बरेच वर्ष हेच केलं.

आता शेकडेवारीचं पहिलं गणित मी सोडवतो, पण मोठ्याने विचार करत, अडलो-खोडलो तेही दिसू देतो. दुसरं सगळे मिळून, तिसरं जोडीत, चौथं एकेकट्याने. (नवीन काही नाही, पिअर्सन अन् गॅलाघर या शिक्षण-संशोधकांनी १९८३ मध्येच असं टप्प्याटप्प्यानं जबाबदारी सोपवायचं मांडलं होतं.)

खरी कसोटी जोडीच्या वेळी. "सर, बरोबर आहे का?" असं विचारतातच, तेव्हा जीभ आवरायची, उत्तर सांगायचं नाही, प्रश्नच परत द्यायचा. परवा एकानं ८० रुपये डझनच्या संत्र्यांवर १० टक्के सूट देऊन ८८ काढले. मी एवढंच म्हटलं, "सूट दिली का भाव वाढवला बे?" बेंच हसला, त्यानं स्वतःच खोडलं, ७२ लिहिलं.

उत्तरं भिंतीवर चिकटवून ठेवा, वह्या त्यांनाच तपासू द्या, चुकीपुढे कारण मात्र लिहायलाच लावा. कॉपी होतेच थोडी, मग त्यातल्याच एकाला फळ्यापाशी बोलवायचं, समजावून सांग म्हणायचं.