पट्टी, व्हाइस आणि ३ टक्क्यांचा घोळ: मॉडेल आणि प्रयोग जुळवायची आमच्या लॅबमधली रीत

कोल्हापूर भागातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी २२ वर्षं व्हायब्रेशन लॅब सांभाळतो. पोरं मला सर म्हणतात, पण मी शिकवायला नाही. व्हाइस आवळायला, पोरांनी तोडलेल्या वायरी पुन्हा जोडायला आणि प्रोजेक्टच्या शेवटच्या आठवड्यात धीर द्यायला आहे. या वर्षांत शेकडो रिपोर्ट हाताखालून गेले. त्यातल्या बऱ्याच रिपोर्टांच्या शेवटी एकच वाक्य असतं: 'सिम्युलेशन आणि प्रयोग यांचे निष्कर्ष उत्तम जुळतात.' ते कसे जुळवले, हे मला ठाऊक असतं, कारण जुळवताना मी शेजारीच उभा असतो.

म्हणून ही रीत लिहितोय. ब्रँच कुठलीही असो, मोठ्या विषयाला हात घालण्याआधी एक आठवडा या खेळण्यावर घालवा. लागतं काय? २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड स्टीलची पट्टी, एक व्हाइस (पट्टी आवळून धरणारा शिकंजा), मायक्रोमीटर, हाइट गेज (उंची मोजायचं साधन) आणि स्लो मोशन काढणारा मोबाइल. मॉडेलसाठी फ्रीकॅड आणि कॅल्क्युलिक्स ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. आकडेमोडीसाठी सायलॅब हे सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत.

पहिलं काम कागदावर करायचं, आणि तेही पट्टीला हात लावण्याआधी. एका टोकाला धरलेल्या पट्टीची पहिली फ्रिक्वेन्सी, म्हणजे ती सेकंदाला किती हेलकावे खाते, ते काढायचं सूत्र तुमच्या पुस्तकात आहे. मी आकडे सांगतो. यंग्ज मोड्युलस (पदार्थाच्या ताठपणाचं माप) २०० गिगापास्कल, घनता ७८५० किलो प्रति घनमीटर, मोकळी लांबी ३०० मिमी, जाडी ३ मिमी. उत्तर येतं २७.२ हर्ट्झ. रुंदी या सूत्रातून उडून जाते, फ्रिक्वेन्सीसाठी ती मोजत बसू नका. जाडी मात्र सरळ प्रमाणात येते आणि लांबीचा वर्ग खाली बसतो, म्हणजे लांबीत १ टक्का चुकलात की उत्तरात २ टक्के. कुठे जपायचं आणि कुठे नाही, हे एवढ्यावरून कळतं.

आता मायक्रोमीटर घ्या. दुकानदाराने ३ मिमी म्हणून दिलेली आमची पट्टी पाच ठिकाणी मोजली तर सरासरी २.९४ भरली. त्या जाडीने फ्रिक्वेन्सी २६.६ झाली. हा आकडा तारखेसह वहीत लिहा आणि खाली चौघांनी सह्या करा. पोरं हसतात, पण प्रयोग झाल्यावर 'आम्हाला साधारण एवढंच वाटलं होतं' असं म्हणायची सोय या सह्यांमुळे राहत नाही.

मग सॉफ्टवेअर. इथे पहिला खड्डा एककांचा. मिलिमीटरमध्ये मॉडेल काढलं आणि मोड्युलस मेगापास्कलमध्ये घातला, तर घनता टन प्रति घनमिलिमीटरमध्ये द्यावी लागते: ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात. पोरं तिथे किलोचा आकडा टाकतात, म्हणजे उणे सहावा घात. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, रंगीत चित्रही छान येतं, फक्त फ्रिक्वेन्सी ०.८६ किंवा त्याच्या आसपास दिसते. २७ च्या जागी ०.८६ दिसलं की समजायचं, हजाराचं वर्गमूळ आडवं आलंय. कागदावरचा आकडा हाताशी नसेल तर हे ०.८६ सुद्धा रिपोर्टात जातं. गेलेलं मी पाहिलंय.

दुसरा खड्डा मेशचा, म्हणजे सॉफ्टवेअर मॉडेलचे जे छोटे तुकडे पाडतं त्या जाळीचा. जाडीत एकच साधा टेट्राहेड्रॉन (चार बाजूंचा तुकडा) बसेल अशी मेश केली की पट्टी खोटी ताठ होते आणि फ्रिक्वेन्सी वर जाते. मेश बारीक करत न्या, आकडा खाली उतरत उतरत एका जागी टेकतो. तो टेकल्याशिवाय प्रयोगाशी तुलना करायची नाही. बीम एलिमेंट (पट्टीला रेघेसारखं धरणारे तुकडे) वापरलेत तर आठ-दहा तुकड्यांतच काम होतं, आणि तुमचं उत्तर सूत्राच्या उत्तराला चिकटतं. ही झाली मॉडेलची गणिताशी पडताळणी. खऱ्या पट्टीशी गाठ अजून पडलेलीच नाही.

मेशचं एवढं कौतुक कशाला, असं वाटत असेल तर नॉर्वेचं ऐका. २३ ऑगस्ट १९९१ ला स्टॅव्हँगरजवळच्या फिओर्डमध्ये स्लायप्नर ए या समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवत असताना फुटला आणि तळाला गेला. तीन सिलिंडर जिथे भिडतात तिथल्या भिंतींची मेश जाडीभरडी होती. त्यामुळे कर्तन ताण (भिंत कापू पाहणारा ताण) ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला, भिंती पातळ राहिल्या, आणि सळईची टोकंही पुरेशी आत नेलेली नव्हती. नंतर नीट विश्लेषण केलं तेव्हा गणित म्हणालं की भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे पद्धत खरी होती, वापरणाऱ्यांनी ती नीट वापरली नाही.

आता प्रयोग. पट्टी व्हाइसमध्ये आवळा, मोकळी लांबी ३०० मिमी ठेवा, टोक बोटाने दाबून सोडा. मोजायचं कसं? इथे एक किस्सा सांगतो. एका ग्रुपने मोबाइलमधला ॲक्सेलरोमीटर (हालचाल टिपणारा सेन्सर) वापरायचा म्हणून अख्खा मोबाइल टेपने पट्टीच्या टोकाला बांधला. आकडा आला १२ च्या खाली. दोन दिवस पोरं मॉडेल बदलत होती. मी विचारलं, मोबाइलचं वजन किती? १८० ग्रॅम. आणि पट्टीचं? मोकळा भाग धरून १७५ च्या आत-बाहेर. त्यातही टोकाशी हलताना पट्टीचा सुमारे चौथा भागच मोजला जातो, म्हणजे चाळीसेक ग्रॅम. त्यावर १८० ग्रॅमचा मोबाइल! लॅबमधला १० ग्रॅमचा साधा सेन्सर लावला तरी फ्रिक्वेन्सी चोवीसच्या आसपास उतरते. तुम्ही मोजायला जे चिकटवता ते पट्टीचाच भाग होतं. एक तर ते मॉडेलमध्ये घाला, नाही तर काहीच चिकटवू नका.

आम्ही काही चिकटवत नाही. मोबाइल स्टँडवर ठेवतो, मागे पांढरा कागद लावतो, पट्टीच्या टोकाला काळ्या पेनने ठिपका देतो आणि सेकंदाला २४० फ्रेमने चित्रीकरण करतो. पहिली चार-पाच हेलकावणी सोडून द्यायची, मग २० हेलकावणी धरायची आणि त्यांना किती फ्रेम लागल्या ते मोजायचं. आमच्या १८६ आल्या. २० गुणिले २४०, भागिले १८६, म्हणजे २५.८ हर्ट्झ. फ्रेम मोजताना एकाची चूक होतेच, तेव्हा २५.८ च्या पुढे 'अधिक-उणे ०.१४' लिहायचं. हे शेपूट नसलेला आकडा मी वहीत घेऊन देत नाही.

दोन सावधगिऱ्या. मोबाइल खरंच २४० फ्रेम घेतो का, ते डिजिटल स्टॉपवॉचचं चित्रीकरण करून तपासा. आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून एकमेकांना पाठवू नका. तो दाबून लहान होतो, फ्रेमा गळतात, आणि मग तुम्ही मी सांगितलेल्या गणिताला शिव्या घालता.

तर कागदावर २६.६, प्रयोगात २५.८. फरक ३ टक्के. इथेच पोरांची परीक्षा असते. कुणीतरी हळूच म्हणतं, 'सर, मोड्युलस २०० ऐवजी १८८ घातला की बरोबर बसतंय.' बसतंय खरं. एक नॉब फिरवला की एक आकडा नेहमीच बसतो. पण पट्टी खरंच १८८ ची आहे का, की दुसरं काहीतरी मोड्युलसचा मुखवटा घालून बसलंय?

याचा निकाल लावायची युक्ती साधी आहे: लांबी बदला. मोड्युलसच चुकला असेल तर प्रत्येक लांबीला फरक तेवढाच टक्के राहील. पण व्हाइस पट्टीला नीट धरत नसेल, म्हणजे पट्टी जबड्याच्या आत थोडी वाकत असेल, तर तिची खरी लांबी काही मिलिमीटर जास्त आहे. ते मिलिमीटर ३०० मध्ये जास्त बोचतील, ५०० मध्ये कमी. म्हणून व्हाइस तेवढाच आवळून ४०० ला आणि ५०० ला पुन्हा मोजा. आमच्याकडे ३०० ला ३.१ टक्के, ४०० ला सुमारे २.४, ५०० ला १.९ असा फरक उतरत गेला. तिन्ही आकड्यांना एकच गोष्ट पुरते: पट्टी जबड्याच्या आत ४.८ मिमीपर्यंत मोकळी आहे. लांबी ३०४.८ धरा, मोड्युलस २०० च राहू द्या.

आता हे खरं की योगायोग, ते बघायला वेगळ्या जातीचा प्रयोग हवा. कंपनावरून काढलेली लांबी पुन्हा कंपनावरच तपासणं म्हणजे आपणच पेपर काढून आपणच सोडवणं. म्हणून पट्टी पुन्हा ३०० ला तेवढीच आवळून, हेलकावे न देता, टोकाला ५०० ग्रॅम टांगायचं आणि ती किती झुकते ते मोजायचं. आधी भाकीत: १८८ चा मोड्युलस खरा असेल तर ४.४४ मिमी, ढिला जबडा खरा असेल तर ४.३७. दोन्ही आकडे वहीत, सह्यांसकट.

हे मोजायला डायल गेज घेऊ नका. त्याच्या स्प्रिंगचा दाब साधारण १ न्यूटन असतो, आणि आपली पट्टी १ न्यूटनला जवळजवळ ०.८५ मिमी वाकते. मोजणाराच वाकवतो, मग वाद कुणाशी घालायचा? हाइट गेज घ्या. एक एलईडी, एक सेल आणि एक रेझिस्टन्स अशी जोडणी करून एक टोक गेजला, दुसरं पट्टीला लावा. गेजचं टोक हळूहळू खाली आणत न्यायचं, पट्टीला टेकलं की दिवा लागतो. तेवढ्या स्पर्शाने पट्टी वाकत नाही. तुमचं गेज ०.०२ मिमी दाखवत असेल तर ४.४४ आणि ४.३७ यांतला भेद स्पष्ट दिसतो. वजनावरही विश्वास ठेवू नका. हुकासकट सगळं काट्यावर घाला. आमची पोरं गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) ओळखीच्या सराफाकडे जाऊन आली आणि वॉशर घालून बरोबर ५०० ग्रॅम करून घेतलं. सराफ म्हणाला, 'सोनं सोडून हे काय आणलंत?'

सिव्हिलच्या पोरांना पट्टी पोरकट वाटते, पण त्यांच्याकडेही हाच घोळ आहे, फक्त पाण्यात. खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था १९१६ पासूनची, तिथे धरणांची लहान मॉडेलं करून त्यांवर पाणी सोडतात. १ ला ५० प्रमाणाचं मॉडेल केलं आणि लाटा व सांडव्याचा प्रवाह जुळवायला फ्रूड आकडा (वेग आणि गुरुत्वाचं प्रमाण) सारखा ठेवला, तर वेग ५० च्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे ७ पटीने कमी होतो. पण तेच पाणी वापरत असल्याने रेनॉल्ड्स आकडा (वेग आणि पाण्याच्या चिकटपणाचं प्रमाण) साडेतीनशे पटीने घसरतो, मग घर्षण खऱ्या धरणासारखं वागत नाही. दोन्ही एकदम जुळत नाहीत. काय जुळवलं आणि काय सोडलं हे लिहून ठेवणं, एवढंच हातात असतं. केमिकलवाल्यांच्या रिॲक्टरबद्दल मी बोलत नाही, त्यांच्या लॅबचा वास मला सोसत नाही.

पट्टीकडे येतो. दिवा लागला तेव्हा गेजवर ४.३८ होतं. पुन्हा वजन काढून टांगलं, ४.३६. तिसऱ्यांदा ४.३८. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, टाळ्या नंतर, आधी ते ४.८ मिमी डोळ्यांनी बघा. पट्टी तशीच ठेवून फीलर गेजमधलं (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडीतलं) ०.०५ मिमीचं पातं जबड्याच्या कडेला लावलं. वर्षानुवर्षं पोरांनी तिथेच पट्ट्या आवळल्याने कड घासून गोल झाली होती. पातं अलगद आत सरकलं आणि ५ मिमीच्या थोडं अलीकडे अडलं. त्या जागी पेनाने रेघ मारली, फोटो काढला आणि तो रिपोर्टात आकृती ७ म्हणून लावला. एक्स्टर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) उरलेल्या ६० पानांतलं काही विचारलं नाही, त्या फोटोवरच २० मिनिटं बोलत बसले.