जुन्या वळणाचं स्वयंपाकघर, बेताच्या खर्चात: या चुका टाळा

जुनी वस्तू स्वस्तात मिळते. खर्च सुरू होतो ती घरी आल्यावर. बडोद्यात शुक्रवारी बाजारात घासाघीस करून जाळीचं कपाट आणलं, की सगळे पैसे रंगावर आणि मुठींवर घालायचे, ही पहिली चूक. आधी लाकूड तपासा.

२०२४च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं होतं. तसं भिजलेलं कपाट रंग मारून उभं केलेलं नाही ना, हे बघून घ्या. पायांचा तळ आणि मागची फळी नखाने दाबा, खण ओढून पाहा, आत डोकं घालून वास घ्या. घरी आणल्यावर खाली पांढरा कागद पसरून चार दिवस ठेवा. पिठासारखा ताजा भुगा पडला, तर कीड जिवंत आहे. छिद्रांत सिरिंजने लाकूडकिडीचं औषध भरा, मेणाने बुजवा, पुरतं वाळू द्या, मगच डबे ठेवा. जुना रंग असेल तर कोरडं सँडपेपर घरात मारू नका. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी लावून घासा आणि मुलांना लांब ठेवा.

बडोद्याजवळच्या संखेडा गावचा लाखेने रंगवलेला पाट-चौरंग ओट्याजवळ ठेवण्याचा मोह बडोदेकरांना आवरत नाही. पण लाखेच्या त्या चकाकीवर गरम पातेलं टेकलं की पांढरा डाग पडतो. तो देवघरातच बरा.

आता पितळ. मांडणीवर पातेली ओळीने लावली की फोटो छान येतो, पण दोन पावसाळी दिवसांत काळपट पडतात. चिंच-मीठ किंवा पितांबरीने घासल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर पाण्याचे ठिपके उठतात. घासूनही ठिगळं-ठिगळं दिसत असतील, तर भांड्यावर कारखान्यात लावलेला पारदर्शक थर आहे. तो थिनरने काढल्याशिवाय एकसारखी चमक येणार नाही. असं भांडं शोभेलाच ठेवा.

स्वयंपाकाला पितळ वापरायचं तर कल्हई हवीच. आतून पांढरी चकाकी जाऊन पिवळं दिसू लागलं, की त्यात चिंचेची आमटी कळकणार. कल्हईवाल्याला शुद्ध कथीलच लावायला सांगा. शिसं मिसळलेलं कथील स्वस्त असतं, पण पोटात जातं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं तापवू नका. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओता. ‘आजीच्या पातेल्यात सगळं होतं’ म्हणणारे हे विसरतात की आजीकडे पळीही होती.

चिनी मातीच्या बरणीला बोटाने टिचकी मारा. आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर चीर आहे. शंका असेल तर बरणी पाण्याने भरून रात्रभर कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला, तर लोणचं त्यात नको, लाकडी चमचे ठेवा.

नव्या प्लायवूडला मुद्दाम खरवडून ‘जुनं’ करण्याचं सध्या फॅड आहे. मला ते मुळीच पटत नाही. तेल आणि वाफ त्या ओरखड्यांत बसते आणि वर्षभरात ते नुसतं कळकट दिसतं. शेगडीमागे वॉलपेपरही तसाच वाफेने सुटतो. त्याऐवजी सुताराकडून एक साधी सागवानी फळी आणि खुंट्या करून घ्या.

दिव्यांत पिवळसर उजेड हवा असेल तर २७०० केल्व्हिनचे बल्ब घ्या, पण ओट्यावर ४००० केल्व्हिनचा एक लावा, नाहीतर तांदळातले खडे दिसणार नाहीत. काळी गोल बटणं हौसेने लावायची तर नवी बनवलेली घ्या आणि दिव्यापुरतीच ठेवा. कापडी वेष्टणाची जुनी वायर पुन्हा वापरू नका. ओव्हनला १६ अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग लागतं; ते इलेक्ट्रिशियनकडून रंगकामाआधी करून घ्या, म्हणजे भिंत दुसऱ्यांदा फोडावी लागणार नाही.